क्वीनची मागच्या बाकावरची गाणी : 'डीप कट्स'चे तीन खंड कुणी सलग ऐकलेत का?

सह्यकडा | रविवार, रात्री १०.४०

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की जी दहा-बारा गाणी सगळ्यांच्या ओठांवर येतात, ती या धाग्यात बाजूला ठेवूया. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कोल्हापूरला वसतिगृहात असताना 'ग्रेटेस्ट हिट्स'ची एक कॅसेट आमच्या मजल्यावर खोलीखोलीतून फिरायची, आणि तिची फीत ताणून त्यांच्या गायकाचा, फ्रेडीचा, आवाज जड येऊ लागला तरी आम्ही ती वाजवत होतो. पण त्या कॅसेटमुळे माझा एक समज झाला, की क्वीन म्हणजे एवढंच. पुढची कितीतरी वर्षं मी त्या समजात काढली.

तो समज मोडला 'डीप कट्स'ने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : २०११मध्ये बँडला चाळीस वर्षं झाली. त्याच सुमारास ते ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी सोडून आयलंड रेकॉर्ड्सकडे गेले आणि पंधराच्या पंधरा स्टुडिओ अल्बम नव्याने रीमास्टर होऊन आले, पाच-पाचच्या तीन खेपांत. प्रत्येक खेपेबरोबर त्या पाच अल्बममधली, मागे राहिलेली गाणी वेचून एकेक संग्रह काढला. पहिला खंड १९७३ ते ७६ (१४ मार्च), दुसरा १९७७ ते ८२ (२७ जून), तिसरा १९८४ ते ९५ (५ सप्टेंबर). शेवटची तारीख फ्रेडी मर्क्युरीचा वाढदिवस. तो असता तर त्या दिवशी ६५ वर्षांचा झाला असता.

पहिला खंड मी आजवर किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. चौदा गाणी. सुरुवात 'ओगर बॅटल'ने होते, आणि कानावर पहिल्यांदा काय पडतं तर उलटी फिरणारी टेप. गाण्याचा शेवटच उलटा वाजवून सुरुवातीला जोडलाय. मग एका ठिकाणी ते उलटं वाजणं सुलटं होतं आणि गिटार अंगावर येते. हे फ्रेडीचं गाणं, आणि पियानोवर बसून नाही तर गिटार हातात घेऊन रचलेलं. ते ऐकताना कळतंही. पियानोवाल्याची बोटं अशा जागा शोधत नाहीत.

त्यानंतर सव्वादोन मिनिटांचं 'स्टोन कोल्ड क्रेझी'. आणि शेवटून दुसरं 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन', साडेसहा मिनिटांचं. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीच्या बसमध्ये होतो, कराडच्या पुढे कुठेतरी. संपल्यावर मी पुन्हा लावलं. पुन्हा संपल्यावर पुन्हा लावलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आकाशातून पडली नाही हे मला त्या रात्री समजलं. दीड वर्ष आधी, १९७४च्या 'क्वीन टू'वर, फ्रेडीने सगळं करून पाहिलं होतं : एका चालीतून दुसरीत उडी, आवाजावर आवाजांचे थर, मध्येच सगळं थांबवून पियानोवर एकट्याने गाणं. एके ठिकाणी दोन वेगवेगळ्या लयी एकाच वेळी चालतात, आठाची आणि बाराची. आणि हे सगळं १६ ट्रॅकच्या टेपवर.

तर धाग्याचे दोन प्रश्न. एक, या तीन खंडांतली तुमची गाणी कोणती आणि का? दुसरा, असा वेचून काढलेला संग्रह मुळात असावा का? सविस्तर लिहा, मला घाई नाही.

---

रेकॉर्डची_दुसरी_बाजू | रविवार, रात्री ११.२५

धागा फार आवडला, पण दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नसावा' असं आहे. कारण सांगतो.

'गुड कंपनी' घ्या. पहिल्या खंडात ते बाराव्या क्रमांकावर आहे. मूळ 'अ नाइट ॲट द ऑपेरा'च्या दुसऱ्या बाजूवर ते कुठे आहे? 'लव्ह ऑफ माय लाइफ' आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' यांच्या मध्ये. म्हणजे एका बाजूला जीव ओतून गायलेलं प्रेमगीत, दुसऱ्या बाजूला ते अजस्र गाणं, आणि मध्ये युकुलेले-बँजो घेऊन एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगणारा बँडचा गिटारवादक ब्रायन मे. कामापायी मित्र गेले, बायको गेली, शेवटी पाइप ओढत एकटा बसलाय. तिथे ते गाणं श्वास घ्यायला जागा देतं, आणि पुढच्या वादळाआधी मुद्दाम देतं. संग्रहात त्याच्या आधी 'लिली ऑफ द व्हॅली' आणि नंतर 'ब्लॅक क्वीन'. गाणं तेच, पण शेजार गेला.

दुसरं उदाहरण 'ब्लॅक क्वीन'चंच. मूळ रेकॉर्डवर ते संपतच नाही, चढत चढत थेट 'फनी हाऊ लव्ह इज'मध्ये शिरतं. त्या चढणीवरून पुढे पाऊल टाकायलाच जागा नसेल तर चढायचं कशाला?

आणि ज्या गाण्याचा हक्क सगळ्यात मोठा होता ते 'द प्रॉफेट्स साँग' पहिल्या खंडात नाहीच. आठ मिनिटांहून लांब, मधल्या भागात फ्रेडी एकटाच स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर कॅनन (तीच चाल थोड्या अंतराने मागून येत राहते अशी रचना) रचत जातो. जागा पुरत नव्हती म्हणावं तर सीडीवर जागा होती. 'व्हाईट क्वीन' नाही, 'ब्रायटन रॉक' नाही. उलट 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' आहे, जे बँडचं पहिलं सिंगल, जुलै १९७३चं. पहिलं सिंगल मागच्या बाकावरचं कसं?

---

सह्यकडा | रविवार, रात्री ११.५०

शेजाराचा मुद्दा मान्य, आणि तो मला आजवर या शब्दांत सुचला नव्हता.

'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'बद्दल मात्र वेगळं मत आहे. ते सिंगल ब्रिटनमध्ये चार्टवर आलंच नाही, आणि १९८१च्या तिथल्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्येही त्याला जागा मिळाली नाही. माझ्यासारख्या कॅसेटवाल्याला ते कसं भेटणार? शिवाय अल्बमवरचं ध्वनिमुद्रण खुद्द ब्रायन मे याला पुरतं पटलेलं नव्हतं. डी लेन ली स्टुडिओत आधी केलेला डेमो त्याला जास्त जिवंत वाटायचा. तो डेमोही २०११च्या त्याच खेपेत पहिल्या अल्बमबरोबर जोडतबकडीवर आला. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. सुरुवातीची गिटार कुठे श्वास घेते आणि कुठे घाईत आहे ते लगेच कळेल.

'प्रॉफेट्स साँग' नसणं मात्र मलाही खुपतं. त्याची बाजू मी घेणार नाही.

---

भौतिकीचा_तास | सोमवार, सकाळी ७.१०

माझं गाणं पहिल्या खंडातलं आठवं, 'थर्टीनाइन'. शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रतिसाद जरा लांबेल.

वरवर ऐकलं तर ते खलाशांचं लोकगीत वाटतं. बारा तारांच्या गिटारचा ठेका, लाटांवर डुलणारी चाल, दूर देशी निघालेली माणसं, मागे राहिलेली बायको. गातो ब्रायन मे स्वतः. जॉन डीकनने यात बास गिटार सोडून उभा डबल बास वाजवलाय. तो त्याला येत नव्हता. या गाण्यासाठी तो शिकला.

पण ही माणसं समुद्रावर नाहीत, अंतराळात निघालीत. परत येतात तेव्हा त्यांच्यासाठी एकच वर्ष सरलेलं असतं आणि पृथ्वीवर कितीतरी वर्षं होऊन गेलेली असतात. मेने गोष्ट सांगताना शंभर वर्षं म्हटलंय. विशेष सापेक्षतेत हे नेमकं बसतं. एकाचे शंभर व्हायचे असतील तर यानाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९५ टक्के लागतो. मी हे गणित फळ्यावर करून दाखवते, आणि गणित झाल्यावर शेवटचं कडवं वाचून दाखवते. तो परत आलाय, समोर एक स्त्री आहे, तिच्या डोळ्यांत त्याला आपली बायको दिसते, पण ती तिची मुलगी आहे. दरवर्षी वर्ग एकदम शांत होतो. समीकरणाने जे होत नाही ते त्या एका ओळीने होतं : काळ वेगळा चालला म्हणजे काय, हे मुलांना आतून कळतं.

मेने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इम्पीरियल कॉलेजमधली पीएच.डी. अर्धी सोडली, कारण बँड चालायला लागला होता. विषय होता सूर्यमालेतल्या धुळीचा, राशिचक्रीय प्रकाशाचा. २००७ साली परत जाऊन त्याने ती पूर्ण केली. तीसहून जास्त वर्षांनी घरी परतलेला माणूस. म्हणून मला हे गाणं त्याच्या आयुष्याबद्दलही वाटतं, जरी लिहिलं तेव्हा त्याला हे माहीत असणं शक्य नव्हतं.

रेकॉर्डची_दुसरी_बाजू, तुमचं म्हणणं वाचून मूळ क्रम तपासला. पण खरं सांगू, 'थर्टीनाइन' मला संग्रहातच भेटलं. मूळ अल्बम मी त्यानंतर घेतला. दार लहान असलं म्हणून ते दार नाही असं कसं म्हणता येईल?

---

ताशाची_तर्री | सोमवार, दुपारी १.३०

पथकात ताशा वाजवतो. एकच गोष्ट सांगायला आलोय.

'स्टोन कोल्ड क्रेझी' १९७४चं आहे हे नव्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. तो वेग, ती मध्येच चावल्यासारखी थांबणारी गिटार, आणि एका दमात फेकलेले शब्द. थ्रॅश मेटल हा शब्दही जन्माला यायचा होता. मेटालिका या मेटल बँडने १९९०मध्ये ते वाजवलं आणि पुढच्या वर्षी त्यावर ग्रॅमी मिळवलं. त्यांना फारसं बदलावं लागलं नाही, इतकं ते आधीच तयार होतं. चौघांच्या नावावर असलेलं हे बँडचं पहिलं गाणं.

पण माझ्यासाठी ते ड्रमवाल्या रॉजर टेलरचं आहे. असा वेग पकडणारे पुष्कळ. त्या वेगात थांबा येतो तेव्हा हात जागच्या जागी थांबणं, आणि परत उचलताना एक कणही मागेपुढे न होणं, हे वर्षानुवर्षं बसून येतं. आमच्याकडे सगळं पथक एका ठोक्यावर थांबतं ना, त्यानंतरची जी शांतता असते, तीच इथे ऐकू येते.

दुसऱ्या खंडातलं 'डेड ऑन टाइम'ही ऐका. शेवटी जो गडगडाट आहे तो खरा आहे, मेने वादळात टेपरेकॉर्डर लावून टिपला. अल्बमवर त्या विजेचं श्रेय देवाला दिलंय.

---

कान_कोरा | सोमवार, दुपारी ३.०५

मी क्वीनमध्ये नवीन आहे. दुसऱ्या खंडात 'शीअर हार्ट अटॅक' नावाचं गाणं आहे. पण त्या नावाचा अल्बम १९७४चा आहे आणि दुसरा खंड सुरू होतो १९७७पासून. काही चुकलंय का?

---

सह्यकडा | सोमवार, दुपारी ३.४०

चुकलेलं नाही. टेलरने ते गाणं १९७४च्या अल्बमसाठी लिहायला घेतलं, पण पूर्ण झालं नाही. नाव अल्बमला राहिलं आणि गाणं मागे. १९७७मध्ये पंक या वेगवान, ओबडधोबड रॉकची लाट आली होती, क्वीनसारख्यांना जुनं-फुगलेलं म्हणून हिणवलं जात होतं, तेव्हा त्याने ते पूर्ण करून 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वर घातलं. ऐकलंत तर लक्षात येईल, पंकला पंकच्याच वेगात दिलेलं उत्तर आहे ते.

दुसऱ्या खंडातली त्याच अल्बमवरची आणखी दोन गाणी सोडू नका. 'स्लीपिंग ऑन द साइडवॉक' : फ्रेडी नाही, बाकीचे तिघंच आहेत, आणि मूळ वाजवणं एकाच दमात टिपलेलं. आणि 'इट्स लेट'. तीन अंकी नाटकासारखी रचना, आणि मधल्या गिटारच्या तुकड्यात मे दोन्ही हातांची बोटं पट्टीवर आपटून सूर काढतो. व्हॅन हेलनचा पहिला अल्बम, ज्याने हे तंत्र जगभर पोचवलं, तो त्यानंतर, १९७८मध्ये आला.

---

मिरजेची_जवारी | सोमवार, रात्री ९.२०

बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज लिहितोय. आमचं घर तंतुवाद्यांचं. सतार, तानपुरे. माझं काम मुख्यतः दुरुस्तीचं, आणि त्यातही जवारीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवायचं.

दुसऱ्या खंडात शेवटून दुसरं गाणं आहे 'जेलसी'. फ्रेडीचं, १९७८च्या 'जॅझ' अल्बममधलं. पियानोवरचं शांत गाणं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काम करत होतो, आणि हातातली कानस थांबली. मागे एक गिटार आहे आणि ती गिटारसारखी वाजत नाही. तिच्या प्रत्येक सुराला शेपूट आहे, झणझणणारं, हळूहळू उलगडणारं. ही जवारी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शोधल्यावर कळलं. मेकडे एक जुनी, स्वस्त, साधी गिटार होती, हॉलफ्रेड नावाची. तिची मूळ घोडी काढून त्याने टणक लाकडाची बसवली, ती छिन्नीने तासून सपाट केली, आणि तारांखाली पडद्याच्या धातूचा एक बारीक तुकडा ठेवला. तार त्या तुकड्यावर अगदी हलकी टेकते. बास, एवढंच.

आता आमच्याकडे काय करतात ते सांगतो. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो. तो कानशीने आणि पॉलिश कागदाने असा घासायचा की तिला अगदी किंचित उतार येतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते, आणि त्या टेकण्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. तानपुऱ्याला वर घोडी आणि तारेच्या मध्ये दोरा घालून तो पुढेमागे सरकवत जागा शोधतात. दोरा एक केसभर सरकला की आवाज मिटतो. माझे काका सांगतात, जवारी घासून येत नाही, ऐकून येते : घासायचं थोडं, ऐकायचं फार.

लंडनच्या उपनगरातल्या एका मुलाने, स्वतःच्या कानाने माग काढत, छिन्नी आणि धातूच्या तुकड्याने ही जागा शोधली. 'रेड स्पेशल'ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, बापलेकांनी १९६३पासून खपून घरी बनवलेली गिटार, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटरसायकलच्या स्प्रिंगा. तिचं कौतुक होतंच. पण मला त्या स्वस्त गिटारची घोडी जास्त जवळची वाटते. ती माझ्या कामाची आहे.

हे गाणं संग्रहात नसतं तर माझ्यापर्यंत आलं नसतं.

---

ताशाची_तर्री | सोमवार, रात्री ९.४५

हा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवा) करून ठेवतोय. 'जेलसी' मी दहा वेळा ऐकलं असेल, ती गिटार कधी ऐकलीच नव्हती. आता ऐकली.

---

पसरणीचा_घाट | मंगळवार, सकाळी ६.५०

पाचगणीला राहतो, म्हणून लिहिणं भाग आहे. फारुख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, झांझिबारहून आठ-नऊ वर्षांचा असताना इथे सेंट पीटर्स शाळेत आला. घर समुद्रापलीकडे, मुलगा डोंगरावर वसतिगृहात. पियानो तो इथे शिकला, परीक्षेच्या चौथ्या श्रेणीपर्यंत. 'फ्रेडी' हे नाव इथल्या मित्रांनी पाडलं. आणि १९५८च्या सुमारास शाळेतल्या मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड झाला, त्यात तो पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता.

येणारे पाहुणे विचारतात, त्याच्या गाण्यात इथलं काय आहे? सरळ उत्तर नाही. डोंगर नाही, धुकं नाही, मराठी तर नाहीच. पण या तीन खंडांतली दोन गाणी मला त्या मुलाच्या जवळची वाटतात.

एक 'माय फेअरी किंग', पहिल्या अल्बममधलं. त्यात त्याने एक काल्पनिक देश उभा केलाय, ऱ्हाय नावाचा. पंखांचे घोडे, मद्याच्या नद्या, आणि मग तो देश कुणीतरी उद्ध्वस्त करतं. त्या गाण्यात 'मदर मर्क्युरी' अशी हाक आहे. मेने सांगितलंय की त्यानंतरच फ्रेडी म्हणाला, मी आता मर्क्युरी होणार. आडनाव बदलणारे पुष्कळ असतात, पण आईला मारलेल्या हाकेतून आडनाव घेणारा मला हा एकच माहीत आहे. 'लिली ऑफ द व्हॅली'मध्ये तोच देश पुन्हा येतो, आणि तिथे तो गेल्याची बातमी असते. १९६४मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब सगळं मागे टाकून इंग्लंडला गेलं. मी दोन आणि दोन चार करत नाही. पण ही गाणी लागोपाठ ऐकताना गळ्यात काहीतरी अडकतं.

दुसरं 'मुस्तफा', दुसऱ्या खंडाचं पहिलं. इंग्रजी, अरबी, फारसी आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द. अजानसारखी हाक, मग ठेका. हार्ड रॉकच्या अल्बमची सुरुवात १९७८मध्ये अशी करायला धाडस लागतं. काही लोक याला गंमत समजून सोडून देतात. मला ती गंमत वाटत नाही. पारशी घर, झांझिबारचं बंदर, तिथल्या मशिदी, मुंबईचे नातेवाईक, पाचगणीची इंग्रजी शाळा : इतक्या भाषांचे आवाज लहानपणी कानात भरलेला माणूसच शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून नुसत्या नादावर एवढा विश्वास टाकू शकतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटेची ड्युटी संपवून, सकाळी ८.१५

तिसऱ्या खंडाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. पहिल्या दोघांइतका तो भरीव नाही हे मान्य. पण त्याचं शेवटचं गाणं 'मदर लव्ह'.

फ्रेडीने ध्वनिमुद्रित केलेलं शेवटचं गाणं, मे १९९१, स्वित्झर्लंडमधलं माँट्रो. उभं राहवत नव्हतं, तरी दोन कडवी गायला, वरचे सूर घेतले, आणि शेवटचं कडवं परत येऊन करतो म्हणाला. तो परत आला नाही. २४ नोव्हेंबरला गेला. ते कडवं नंतर मेने गायलं. फ्रेडीचा आवाज थांबतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, ती जागा कुणी लपवली नाही. शेवटी त्यांच्या जुन्या मैफलीतला जमाव, मग टेप भरभर फिरल्यासारखी, त्याच्या तरुणपणीच्या एका गाण्याचा तुकडा, आणि बाळाचं रडणं.

मी दवाखान्यात काम करते. शेवटच्या दिवसांत माणसं कशासाठी उरलेली ताकद वापरतात ते पाहते. काही जण पाणी मागतात, काही जण एक नाव. त्याने ती सुरांवर खर्च केली. या गाण्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

'बिजू'ही ऐका. त्यात उलटं केलंय : कडवी गिटार गाते आणि मधला थोडासा भाग तेवढा फ्रेडी. मूळ 'इन्युएंडो'वर त्याच्या लगेच पुढे 'द शो मस्ट गो ऑन' येतं. रेकॉर्डची_दुसरी_बाजू यांचा शेजार मला तेव्हा पटला. इतक्या मोठ्या गाण्याच्या उंबऱ्यावर उभं असल्यामुळेच 'बिजू' कुणाला दिसलं नाही.

---

रेकॉर्डची_दुसरी_बाजू | मंगळवार, रात्री १०.३०

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात होता.

शेजाराचं तुम्ही जे उलट टोक दाखवलंत त्याचा मी विचार केला नव्हता. मोठ्या गाण्याच्या सावलीत काही गाणी खरोखर झाकली जातात, आणि ती सावलीतून काढून समोर ठेवणं हे कामच आहे. 'गुड कंपनी'चंही तसंच. पुढे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' येणार म्हणून लोक ते निसटू देतात. मग त्यांना कळतच नाही की त्यातला जॅझ बँड, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सगळं एकट्या मेची गिटार आहे. कचऱ्याच्या कुंडीत सापडलेल्या सर्किटपासून डीकनने एक चिमुकला ॲम्प बनवला होता, त्यातून एकेक वाद्य, कधी एकेक सूर, वेगवेगळा टिपून ते उभं केलंय.

तरी माझा मूळ हट्ट सोडत नाही. तिसऱ्या खंडात 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' घेतलीत, ती मुळात फ्रेडीच्या १९८५च्या एकट्याच्या अल्बमची. त्याच्या पश्चात बाकीच्यांनी त्यांना नवं वाजवणं दिलं. चांगली आहेत, पण मागच्या बाकावर बसायला ती मुळात या वर्गातली हवीत. त्या जागी मी 'ऑल गॉड्स पीपल' घेतलं असतं.

एक गोष्ट मात्र संग्रह करणाऱ्यांनी जपली, तिला दाद देतो. 'टेनेमेंट फन्स्टर', 'फ्लिक ऑफ द रिस्ट', 'लिली ऑफ द व्हॅली' ही तिन्ही मूळ अल्बमवर एकमेकांत विरघळतात, आणि पहिल्या खंडातही तशीच लागोपाठ ठेवलीत. टेलरने गायलेल्या भाडेकरू पोराचा उर्मटपणा, त्यातून फ्रेडीचा राग, आणि त्या रागातून एकदम ते दीड-पावणेदोन मिनिटांचं मऊ गाणं. यातलं एक जरी गाळलं असतं तर मी हा संग्रह घरात ठेवला नसता.

---

कान_कोरा | बुधवार, दुपारी १२.१५

काल रात्री ती तीन गाणी दिवा मालवून ऐकली. तिसरं सुरू झालं तेव्हा दुसरं संपलंय हे कळलंच नाही. पुढे काय ऐकू?

---

सह्यकडा | बुधवार, दुपारी १२.४०

'लाँग अवे'. पहिल्या खंडातलं सहावं. मेने गायलंय, आणि रेड स्पेशल बाजूला ठेवून बारा तारांची बर्न्स गिटार घेतलीय, त्यामुळे क्वीनचं एरवीचं कुठलंच अस्त्र त्यात नाही. नुसती उदासी आहे, स्वच्छ. त्यानंतर 'इन द लॅप ऑफ द गॉड्स... रिव्हिजिटेड'. सत्तरच्या दशकात कितीतरी मैफलींचा समारोप ते या गाण्याने करायचे. सगळं सभागृह ज्याच्यावर डोलायचं ते गाणं आज इतक्या कमी लोकांना माहीत असावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते ऐकून झाल्यावर परत इथे या आणि लिहा.

---

भौतिकीचा_तास | बुधवार, सायंकाळी ६.३०

मिरजेची_जवारी, तुमचा प्रतिसाद आज वर्गात वाचून दाखवला, परवानगी न घेता, त्याबद्दल माफ करा. स्वरांचे गुणज शिकवत होते. एका मुलीने विचारलं, तार टेकते तेव्हा तिची लांबी बदलते का? मी म्हटलं, हो, कंपनाच्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी, आणि म्हणूनच नुसत्या ताणलेल्या तारेत न दिसणारे वरचे गुणज इतके ठळक होतात. उत्तर बरोबर आहे ना? कान तुमचा आहे.

---

मिरजेची_जवारी | बुधवार, रात्री ९.५०

ताई, माफी कसली. बरोबर आहे. आम्ही लांबी म्हणत नाही, 'तार घोडीवर किती चालते' म्हणतो, पण गोष्ट तीच.

आज काकांना 'जेलसी' ऐकवलं. ते पंच्याहत्तरीचे आहेत, इंग्रजी गाणं त्यांनी आजवर मुद्दाम ऐकलेलं नाही. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "खुली जवारी आहे. वरच्या तारेला जरा जास्त खुली ठेवलीय." थोड्या वेळाने विचारलं, या माणसाचं याच घोडीवरचं दुसरं काही आहे का?

---

रेकॉर्डची_दुसरी_बाजू | बुधवार, रात्री १०.२०

आहे. 'व्हाईट क्वीन'. तीच गिटार, चार वर्षं आधीची. तिन्ही खंडांत मिळणार नाही. 'क्वीन टू'च्या पहिल्या बाजूवर 'फादर टू सन' विरत जातं आणि त्यातूनच ते सुरू होतं. काकांना तेवढंच तोडून ऐकवू नका, बाजू पहिल्यापासून लावा.

---

मिरजेची_जवारी | बुधवार, रात्री १०.३५

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी लावतो. काकांना आठला बोलावलंय.